गंज पेठेतल्या घराची हकिगत

पुण्यात स्वारगेटला उतरून 'समताभूमीला सोडा' म्हटले तर रिक्षावाला क्षणभर विचारात पडतो. 'फुलेवाडा' म्हटले की लगेच मीटर टाकतो. कागदोपत्री नाव काहीही असो, लोकांच्या तोंडी हा वाडाच. मराठवाड्यातल्या माणसाला मात्र ते घर पाहिल्यावर 'वाडा' म्हणवत नाही. वाडा म्हटला की आपल्यापुढे दिंडी दरवाजा, माळवद, दगडी जोते आणि हत्ती मावेल असा चौक उभा राहतो. गोदाकाठच्या एखाद्या बेताच्या देशमुखाचे घरही याहून दांडगे निघेल. गंज पेठेतले हे घर बैठे, कौलारू, ओसरी आणि लाकडी खांबांचे. पुढे अंगण, मागे जोतीरावांची समाधी आणि तिच्यावर तुळशीवृंदावन. भोवती दाट वस्ती. पेठेचे नाव आता महात्मा फुले पेठ झाले असले तरी जुनी माणसे अजून गंज पेठच म्हणतात.

११ एप्रिल २०२७ रोजी जोतीरावांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्ताने मराठवाड्यातल्या सोनपेठहून निघणाऱ्या स्मरणिकेत पुण्यातल्या घराचा इतिहास कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्याला उत्तर एवढेच की गुलामगिरी आणि तिच्यातून सुटका यांची आठवण जपणारे घर महाराष्ट्रात शोधायला निघालो तर पाय याच उंबरठ्याशी येऊन थांबतात. 'गुलामगिरी' हे नाव ग्रंथाला देऊन तो अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करणारा माणूस इथे राहत होता. आणि त्या ग्रंथात ज्यांच्याविषयी लिहिले आहे, ती माणसे आपल्या तालुक्यात आजही आहेत.

घराकडे वळण्याआधी थोडे मागे जावे लागेल. गुलामी म्हटली की आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलेली माणसे आठवतात आणि तो प्रकार सातासमुद्रापलीकडचा, असे आपण धरून चालतो. पण मराठवाड्याची राजधानी म्हणावी असे शहर, म्हणजे खडकी, पुढचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर, १६१० साली वसवले ते मलिक अंबरने, आणि मलिक अंबर हा विकला गेलेला गुलाम होता. हबसाणात जन्मलेले हे पोर हातोहात विकले जात दख्खनला पोचले. इथे त्याला विकत घेतले अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने. तोही मूळचा हबशी गुलामच. अंबर पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले आणि १६२६ साली वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. आपल्या शाळांच्या सहली वेरूळला जाताना तिच्या जवळून जातात, पण थांबत नाहीत.

पेशवाईतही गुलामी होती, फक्त तिला ते नाव नव्हते. कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, विकल्या जात, बक्षीस दिल्या जात. बदकर्माचा ठपका ठेवून पकडलेल्या बायका सरकारजमा होत आणि कोठीवर, पागेत, कारखान्यांत राबत. दप्तरातल्या नोंदींत त्यांच्या किमती आहेत. गुरांच्या असाव्यात तशाच कोरड्या. कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने गुलामीला कोर्टकचेरीतला आधार काढून घेतला आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदीविक्री गुन्हा ठरवली. हे झाले इंग्रजी मुलखात. सोनपेठ, पाथरी, गंगाखेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि तिथे कलकत्त्याचे कायदे लागू नव्हते.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. म्हणजे पेशवाई बुडून नऊच वर्षे झाली होती आणि ती पाहिलेली माणसे घराघरांत हयात होती. मूळ घराणे साताऱ्याकडच्या कटगुणचे गोऱ्हे. पुण्यात येऊन फुलांचा धंदा धरला आणि आडनाव फुले पडले. मिशनच्या शाळेतल्या इंग्रजी शिक्षणाने आणि टॉमस पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन' या पुस्तकाने त्यांना काय दिले हे सर्वांना माहीत आहे. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तीही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे. त्यानंतरचे वर्ष मात्र या घराच्या दृष्टीने महत्त्वाचे. जातीतल्या लोकांच्या दडपणाखाली वडील गोविंदरावांनी १८४९ मध्ये मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा जागा दिली ती गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी. जोतीराव आणि सावित्रीबाई या पेठेत आले ते असे, बाहेर काढलेली माणसे म्हणून. फातिमा शेख यांचा आणि सावित्रीबाईंचा शिक्षिका म्हणून सहवास तिथलाच.

गंज पेठ सदाशिव-नारायणसारखी प्रतिष्ठितांची वस्ती नव्हती. माळी, कारागीर, मुसलमान, आणि पलीकडे महार-मांगांची घरे. जोतीराव पुढे कंत्राटदार झाले, बांधकामांत त्यांनी पैसा मिळवला, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. दगड, चुना आणि मजूर यांतली लबाडी त्यांना आतून ठाऊक होती, आणि इंजिनिअर खात्यातल्या चिरीमिरीवर त्यांनी लिहिलेही. चार पैसे हाती असताना बऱ्या पेठेत बंगला बांधणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही.

या घरात काय काय घडले त्याची यादी लांब आहे. मी तीनच गोष्टींपाशी थांबणार आहे.

पहिली, विधवांचे बाळंतपण. ब्राह्मण घरांत पोरवयात विधवा झालेल्या मुलीचे पुनर्लग्न होत नसे आणि घरातलेच कोणी तिला नासवत असे. दिवस गेले की विहीर जवळ करायची, नाहीतर मूल झाल्यावर त्याचा गळा दाबायचा, एवढेच तिच्या हाती उरे. जोतीरावांच्या ओळखीच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या विधवेने असे मूल मारले. तिच्यावर खटला चालला आणि तिला जन्मठेप होऊन अंदमानला धाडले. ज्या पुरुषामुळे तिच्यावर ही वेळ आली तो मोकळाच राहिला. मग १८६३ च्या सुमारास जोतीरावांनी आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, नाहीतर इथेच ठेवा, अशा अर्थाच्या जाहिराती शहरात लावल्या. १८८४ साली विधवांच्या प्रश्नावरील बेहरामजी मलबारींच्या टिपणावर सरकारला दिलेल्या अभिप्रायात त्यांनी ही हकिगत स्वतः नोंदवली आहे, आणि तोवर पस्तीस विधवा तिथे येऊन गेल्याचा आकडाही दिला आहे. त्या बायकांचे सारे करायला सावित्रीबाई होत्या. जन्मलेल्यांतलाच एक मुलगा दोघांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

आज त्या घरात फिरताना बाळंतिणींची खोली कुठली असेल याचा अंदाज पाहणारा आपापल्या परीने करतो. मला राहून राहून वाटते ते असे, की माळ्याच्या घरात ब्राह्मण बाईचे बाळंतपण होणे म्हणजे त्या काळी दोन्ही बाजूंनी बहिष्कार. आलेली बाई आपल्या जातीला कायमची मुकली असती, आणि ठेवून घेणारा सगळ्या पुण्याच्या तोंडी झाला असता. तरी बायका आल्या, कारण दुसरा दरवाजा नव्हता.

दुसरी गोष्ट हौदाची. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आपल्या लोकांना पाण्याची गोष्ट समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात टँकर आल्यावर गावात रांग कशी लागते, कोणाची कळशी आधी आणि कोणाची मागे, आणि विहिरीवर कोण कुठल्या बाजूने जातो, हे साऱ्यांनी पाहिले आहे. १८६८ च्या पुण्यात अस्पृश्याला सार्वजनिक हौदावर हात लावता येत नव्हता. अशा वेळी जोतीरावांनी सभा घेतली नाही की सरकारला अर्ज केला नाही, आपल्या अंगणातले पाणी दिले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आहे, म्हणजे त्यानंतर ५९ वर्षांनी. आणि १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम घेऊन महाराष्ट्र पालथा घातला तेव्हा गावोगाव पाणवठे वेगळेच होते. या अंगणापासून गावाच्या पाणवठ्यापर्यंत पोचायला शंभर वर्षेही पुरली नाहीत.

तिसरी गोष्ट मारेकऱ्यांची. १८५६ च्या सुमारास दोघे जण रात्री जोतीरावांच्या जिवावर उठून घरात शिरले, एक रामोशी आणि दुसरा धोंडिराम नामदेव कुंभार. जोतीराव जागे झाले, विचारपूस केली, आणि मला मारून तुमच्या पोरांचे भले होणार असेल तर मारा, अशा अर्थाचे बोलले. चरित्रकार हा प्रसंग रंगवून सांगतात. तो रंग थोडा बाजूला ठेवला तरी पुढचे खरे उरतेच: धोंडिराम कुंभार शिकला, पंडित झाला आणि सत्यशोधक समाजाचा प्रचारक म्हणून नावाजला.

आता ग्रंथाकडे येऊ. 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली १ जून १८७३ रोजी. जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद, सोळा प्रकरणे, इंग्रजीत आणि मराठीत प्रस्तावना. पण तिचे सगळ्यात चकित करणारे पान अर्पणपत्रिकेचे आहे. हबशी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी ज्यांनी निःस्वार्थपणे झीज सोसली त्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना हा ग्रंथ अर्पण, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे ही इच्छा, असा तिचा आशय. अमेरिकेत गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ ची आहे. म्हणजे पुरती आठ वर्षेही झालेली नव्हती, आणि पुण्याच्या गंज पेठेत बसून एका माळ्याने त्या घटनेचा अर्थ आपल्या समाजाला लावला होता. तारायंत्राचा आणि आगबोटीने येणाऱ्या वर्तमानपत्रांचा तो काळ. पुण्यातल्या कितीतरी पंडितांना तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धाची आठवण होती ती कापसाच्या चढलेल्या भावापुरती.

जोतीरावांनी केलेली तुलना नुसती भावनेची नव्हती. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांची आणि इथल्या शूद्र-अतिशूद्रांची दशा त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. फरक त्यांच्या मते एवढाच, की तिकडच्यांना पकडून नेऊन विकले आणि इकडच्यांना त्यांच्याच भूमीत जिंकून दास केले. या मांडणीतला आर्य-अनार्यांचा इतिहास आज अभ्यासकांना जसाच्या तसा मान्य नाही आणि तो मान्य करण्याची गरजही नाही. महत्त्वाचे हे, की माणूस स्वतःच्या दास्याला कसा राजी होतो, धर्म आणि अज्ञान त्याला कसे आतून बांधतात, हा प्रश्न त्यांनी मराठीत पहिल्यांदा इतक्या रोखठोकपणे विचारला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि डिसेंबरात भटजीशिवाय पहिले सत्यशोधक लग्न लागले.

हा धागा पुढे कुठवर गेला ते एकाच वर्षावरून दिसते. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शूद्र मूळचे कोण हा आपला इंग्रजी ग्रंथ जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला, आणि त्याच साली अमेरिकेतले काळ्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांची स्थिती सारखी असल्याचे कळवले. गंज पेठेतून निघालेले अर्पण ७३ वर्षांनी परत गंज पेठेतल्या त्या घराच्या मालकाकडे आले, असे म्हणायला हरकत नाही.

जोतीरावांचे या घरातले शेवटचे दिवस कष्टाचे गेले. जुलै १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली. त्याआधी दोनच महिने, ११ मे रोजी, मुंबईत मांडवीला त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली होती. उजवा हात गेला तेव्हा डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरे केले. ते छापून निघाले १८९१ साली, त्यांच्या मागे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले.

आपल्याला जाळू नये, मिठात घालून पुरावे, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. राहत्या वस्तीत प्रेत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. ज्या नगरपालिकेचे ते १८७६ ते १८८२ सभासद होते तीच ही. दहन करावे लागले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी कुरापत काढली तेव्हा टिटवे सावित्रीबाईंनी हातात घेतले, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. आपल्याकडे आजही एखाद्या बाईने नवऱ्याला अग्नी दिला तर पेपरात फोटो येतो. ही गोष्ट १८९० ची. दोन दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, रक्षा आणून त्याच खड्ड्याच्या जागी ठेवली. आज आपण जिला समाधी म्हणतो ती हीच.

इथून पुढे घराची परवड सुरू होते. जोतीरावांनी १८८७ मध्येच मृत्युपत्र करून मालमत्ता सावित्रीबाई आणि यशवंत यांच्या नावे केली होती, भाऊबंदांना वगळले होते. कागद पक्का होता, पण कागद पोट भरत नाही. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या गायकवाडांचे पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात यशवंताच्या दवाखान्यात पोचवले. पोर वाचले. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. काही वर्षांत यशवंतही गेला. त्याच्या मागे राहिलेल्या पत्नी चंद्रभागाबाईंना घर विकावे लागले आणि शेवट हलाखीत काढावा लागला. पस्तीस परक्या बायकांना ज्या घराने आसरा दिला, त्या घरच्या सुनेला त्याचा आसरा उरला नाही. सत्यशोधक चळवळ तेव्हा महाराष्ट्रभर पसरत होती, कोल्हापूरला शाहू महाराज तिला बळ देत होते, जोतीरावांच्या नावाने सभा भरत होत्या. एवढ्या सगळ्यांत या बाईची विचारपूस करायला कोणी नव्हते. याचा दोष पुणेकरांवर लोटून आपली सुटका होत नाही. महापुरुषाचा जयजयकार करायचा आणि त्याच्या चुलीकडे पाहायचे नाही, ही सवय साऱ्या महाराष्ट्राची आहे.

इथे अमेरिकेतल्या एका घराची आठवण देतो. फ्रेडरिक डग्लस हा गुलाम म्हणून जन्मला, लिहायला शिकला, पळाला आणि गुलामीविरुद्धचा सगळ्यात मोठा वक्ता झाला. जोतीरावांचा समकालीन, १८९५ साली वारला. वॉशिंग्टनमध्ये टेकडीवर त्याचे घर आहे, सीडर हिल. त्याच्या मागे पत्नी हेलनने जिद्दीने ते घर वाचवले, १९०० साली त्यासाठी काँग्रेसच्या कायद्याने संस्था स्थापन झाली आणि १९६२ साली सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने ते ताब्यात घेतले. त्याची पुस्तके, टेबल, व्हायोलिन, व्यायामाची डंबेल्ससुद्धा तिथे जागच्या जागी आहेत. इंग्लंडात हल शहरी विल्यम विल्बरफोर्स जन्मला त्या घराचे संग्रहालय १९०६ पासून आहे. गुलामांना जहाजात कसे दाटीवाटीने निजवत ते दाखवायला त्याने पार्लमेंटात नेलेला लाकडी नमुना तिथे ठेवला आहे. या घरांशी तुलना केली तर गंज पेठेत वस्तू अगदी थोड्या. घर विकले गेले की भांडीकुंडी कुठली राहायला! इथे पाहायचे ते अंगण, पाणी आणि समाधी.

घर पुन्हा समाजाच्या हाती आले ते लोकांच्या रेट्याने. राज्य सरकारने ते संरक्षित स्मारक केले, डागडुजी झाली आणि १९९३ मध्ये राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. मराठवाड्याच्या वाचकाला हा काळ वेगळ्या कारणाने आठवेल: पुढच्याच १४ जानेवारीला, सोळा वर्षांच्या झगड्यानंतर, आपल्या विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लागले. त्या सोळा वर्षांत घरे जळालेली गावे आपल्या आसपासची आहेत. पुण्यात 'समताभूमी'ची पाटी लागत होती तेव्हा इकडे नावावरून माणसे एकमेकांकडे पाहत नव्हती.

आज आवारात भिंतीवर जोतीराव-सावित्रीबाईंच्या आयुष्यातले प्रसंग चितारलेले आहेत. २८ नोव्हेंबरला आणि ११ एप्रिलला इतकी गर्दी होते की समाधीपर्यंत पोचायला वेळ लागतो. पुढाऱ्यांच्या गाड्या, हार, घोषणा, पुस्तकांचे स्टॉल. महात्मा फुले समता परिषदेचा समता पुरस्कार इथेच दिला जातो. एरवीच्या दिवशी शाळेची पोरे, स्पर्धा परीक्षेवाले आणि लांबून आलेली बायाबापडी. हे घर नुसते शोभेचे नाही याची साक्ष २०२४ मध्ये मिळाली. विधानसभा निवडणुकीनंतर मतदान यंत्रांवरून आणि निवडणुकीतल्या पैशावरून बाबा आढावांनी नव्वदी उलटलेली असताना याच अंगणात २८ नोव्हेंबरपासून तीन दिवस आत्मक्लेश उपोषण केले. सत्तेतले आणि विरोधातले, दोन्ही बाजूंचे नेते त्यांना भेटायला इथे आले. त्यांचे म्हणणे कोणाला पटो न पटो, त्यांनी निवडलेली जागा मात्र अचूक होती.

भिडेवाड्याची गत वेगळी झाली. मुलींची शाळा जिथे भरली ती इमारत वर्षानुवर्षे दुकानांच्या आणि कोर्टकज्ज्याच्या कचाट्यात पडून राहिली. २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि डिसेंबरच्या एका रात्रीत ती पाडली गेली. तिथे आता नवे स्मारक व्हायचे आहे. फुलेवाडा आणि जवळचे सावित्रीबाईंचे स्मारक एकत्र जोडून मोठे आवार करण्याची योजनाही आहे. मोठे आवार होईल, वाहनतळ होईल, दृक्‌श्राव्य दालन होईल. होऊ द्या. माझी तक्रार एवढीच आहे की 'गुलामगिरी' या विषयाला, ग्रंथाला नव्हे तर विषयाला, तिथे एक खोलीसुद्धा नाही. कुणबिणींच्या नोंदी, मलिक अंबर, अंदमानला गेलेली काशीबाई, वेठ, बिगार, यांतले काही तिथे दिसत नाही. जोतीराव कशाविरुद्ध उभे राहिले ते दाखवले नाही तर उरतो तो पगडी घातलेला पुतळा.

त्या खोलीत मांडायचे सामान आपल्याकडे भरपूर आहे. गंगाखेड आपल्या शेजारचा तालुका, संत जनाबाईंचे जन्मगाव. दामाजीची पोर नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली, दळण-कांडण, शेण-पाणी करता करता तिने जे गायले ते साडेसहाशे वर्षांनंतरही टिकले. तिच्या अभंगांत विठ्ठल दळू लागतो, कारण माणसांपैकी दळू लागणारे कोणी नव्हते. निजामाच्या अमलात वेठ होती; पाटील-देशमुखाच्या वाड्यावर आणि सरकारी दौऱ्याच्या दिमतीला फुकट राबावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला, वेठीचे नाव गेले. सालगडी राहिला. पाडव्याला साल ठरायचे, काही रोख, काही ज्वारी, धोतरजोडी, चप्पल. मध्ये आजारपण किंवा लेकीचे लग्न निघाले की मालकाकडून आगाऊ उचलायचे, आणि पुढच्या पाडव्याला हिशेब केला की देणे उरायचेच. मग पुढचे साल त्याच घरी. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. पण आपल्या भागात सालगड्याने त्या कायद्याचा आधार घेतल्याचे फारसे ऐकिवात नाही.

सालगड्याच्या पोराने ऊसतोडीचा कोयता हातात घेतला. दसरा-दिवाळी झाली की सोनपेठ तालुक्यातले आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातले वस्त्या-तांडे रिकामे होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कोयत्यामागे उचल देतो, बाँडवर सही-अंगठा घेतो. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड मजुरीहून जास्त. बाईला पाळीत, बाळंतपणात, तापात खाडा परवडत नाही. गर्भाशय काढलेल्या बायकांची संख्या बीड जिल्ह्यात इतकी वाढली की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. पळून गेला तर घरच्यांना धरून आणायचे. अशा बातम्या दर हंगामात आपल्या पेपरांच्या आतल्या पानावर येतात. याला गुलामी म्हणायचे की नाही यावर विद्वान वाद घालोत. जोतीरावांनी शेतकऱ्याला आणि मजुराला कर्जाच्या, अज्ञानाच्या आणि धर्मभीतीच्या दाव्याला बांधलेले पाहिले होते. यातले पहिले दावे अजून तुटलेले नाही, असे माझे मत आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, पुण्याला जाणे आपल्याला नवे नाही. कामाला, शिक्षणाला, दवाखान्याला आपली माणसे रोज जातात. गंगाखेडहून किंवा परळीहून रात्रीच्या पनवेल गाडीत बसले की सकाळी पुणे येते. तिथे गेलात तर अर्धा दिवस काढून गंज पेठेत जा, आणि जयंतीला नको, साध्या दिवशी जा. अंगणात बसायला मिळते. शाळांच्या मुख्याध्यापकांनाही विनंती की पुण्याच्या सहलीत शनिवारवाड्याबरोबर हे घर ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. आपल्या घरांत जुने कागद आहेत: सालगड्याचे साल धरल्याची चिठ्ठी, सावकाराची वही, ज्वारीच्या हिशेबाची पाने, मुकादमाने लिहून घेतलेले उचलीचे बाँड, कारखान्यावरच्या कोपीतले फोटो. घर सारवताना, पत्रे बदलताना हे कागद चुलीत जातात. ते जाळू नका. कर्ज फिटले असेल तरी ठेवा, फिटले नसेल तर अवश्य ठेवा. ज्यांना शक्य आहे त्यांनी त्यांच्या नकला स्मरणिका समितीकडे आणून द्याव्यात. नावे खोडून दिली तरी चालतील, तारीख आणि रक्कम मात्र राहू द्यावी.